पहाटे चारची धडधड

डिप्रेशन म्हणजे नुसतं उदास पडून राहणं असं मला वाटायचं, पण माझं तसं नव्हतंच, पहाटे चारला खाडकन जाग यायची, छातीत धडधड, तळवे ओले, आणि आज काहीतरी वाईट होणार एवढंच डोक्यात. दहापर्यंत ती भीती ओसरायची आणि मग चहाचा कप हातात धरून तो गार होईस्तोवर मी बसून राहायचे.

सांगलीतल्या विश्रामबागच्या डॉक्टरांनी समजावलं की मेजर डिप्रेशनमध्ये हे बऱ्याच जणांना होतं, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, त्याला 'अँक्शस डिस्ट्रेस' (धास्तीचा त्रास) अशी वेगळी नोंदच आहे. उदासी आणि धास्ती, दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. धास्तीपोटी मी फोन उचलणं सोडलं, आयर्विन पुलावरचं फिरणं सोडलं, मग बरं वाटायला काही उरलंच नाही, उदासी वाढली, कामं तुंबली आणि त्याची परत धास्ती. झोप गेली की दोन्ही बळावतात.

गोळ्या बऱ्याचदा दोन्हीवर एकच असतात, पण गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला बेचैनी वाढूही शकते, हे आधीच सांगितलेलं म्हणून मी टिकले. रात्री फारच जड गेलं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.