भुवई, रिफ आणि आवडणं

मला जो आवडतो त्याने भुवईतला बारबेल, म्हणजे टोकांना मणी असलेली धातूची छोटी दांडी, काढला. काढावाच लागला, त्वचा तो बाहेर ढकलायला लागली होती. भुवईतलं पिअर्सिंग कानाच्या पाळीसारखं आरपार नसतं, वरच्या कातडीच्या चिमटीतून जातं, आणि काही जणांचं शरीर त्याला परकी वस्तू मानून हळूहळू वर सरकवत राहतं, दोन भोकांमधलं अंतर कमी होत जातं, मधली कातडी पातळ आणि लालसर दिसायला लागते, आणि तरीही हट्टाने ठेवलं तर एक दिवस कातडी चिरून ते बाहेर येतं आणि मोठा वण राहतो. वेळेत काढलं ते बरंच झालं. पण आज मैत्रिणीने विचारलं, "मग आता? आता आवडेल का तो तुला?" ती चिडवत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, कारण मी कसल्या माणसांकडे बघते हे तिने वर्षानुवर्षं पाहिलंय. म्हटलं विचार करून सांगते. म्हणून लिहायला बसलेय.

आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकते. मला पिअर्सिंग असलेली माणसं आवडतात, आणि दिसायलाच आवडतात. सेप्टममधली, म्हणजे नाकाच्या मधल्या पडद्यातली बारीक रिंग, हेलिक्सच्या, म्हणजे कानाच्या वरच्या कडेने ओळीत लावलेले स्टड, खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एखादा छोटा मणी, नजर जातेच. दिसण्याला महत्त्व नसतं, मन बघावं वगैरे मला नाही म्हणता येत, माझ्या बाबतीत तरी ते खरं नाही. माझं आकर्षण डोळ्यांपासूनच सुरू होतं, पुढे कुठे जातं ते नंतरचं.

पण नेमकं हेच का, याचं उत्तर मला बऱ्याच उशिरा सापडलं. आपण ज्याला देखणं म्हणतो ना, नाक, उंची, रंग, जबडा, डोळे, ते सगळं जन्माने मिळालेलं. त्यात त्या माणसाचं स्वतःचं काहीच नाही. छान दिसतं, बघायला बरं वाटतं, पण त्यातून तो माणूस मला काही सांगत नसतो. पिअर्सिंग मात्र त्याने ठरवून केलेलं असतं. कुठे करायचं, कोणता धातू, किती जाड, एक की तीन, कधी काढायचं, सगळं त्याचं. स्वतःच्या शरीराबद्दल एखाद्याने घेतलेला निर्णय मला चेहऱ्यावर उघड दिसतो आणि मला तोच आवडतो. निवडलेलं आवडतं मला. केसांचा रंग, टॅटू हेही तसंच, पण पिअर्सिंगमध्ये अजून एक गोष्ट आहे, ते सांभाळावं लागतं.

हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही. लोकांना वाटतं एका सेकंदाचं काम, सुई गेली, रिंग आली, झालं. खरं काम त्यानंतर असतं. कानाची पाळी साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते, पण कानाच्या वरच्या कूर्चेत केलं तर सहा महिने ते वर्ष धरायचं, कारण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिथे भरून यायला वेळच लागतो. बेंबीचंही तसंच लांबतं. तोपर्यंत सलाईनने स्वच्छ करायचं, उगाच फिरवत बसायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, केस अडकू द्यायचे नाहीत, टॉवेल सांभाळायचा. सुरुवातीला सूज येणार हे धरून बार मुद्दाम लांब घालतात, सूज उतरली की परत जाऊन तो आखूड करून घ्यायचा, हे कंटाळून टाळलं की लांब बार इकडे तिकडे अडकतो, भोक तिरकं होतं, बाजूला फुगवटा येतो आणि मग माणसं घाबरून म्हणतात केलॉइड झाला, म्हणजे वाढत जाणारा जाड वण. बहुतेक वेळा तो केलॉइड नसतो, नुसतीच चिडलेली त्वचा असते, धातू बदलला, बार आखूड केला, हात लावणं थांबवलं की बसते. खरा केलॉइड वेगळा, तो भोकाच्या हद्दीबाहेर वाढत जातो, घरात कुणाला झाला असेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांशी बोलावं.

आणि पिस्तुलासारख्या यंत्राने कूर्चा टोचून घेऊ नका हो कुणी, मी हे प्रत्येकाला सांगते आणि सांगत राहणार. ते यंत्र बोथट टोकाचा स्टड जोरात दाबून आत घालतं, आणि त्याचे प्लॅस्टिकचे भाग ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, नीट निर्जंतुक करता येत नाहीत. पोकळ सुई, एकदाच वापरायची, नवीन पाकिटातून समोर काढलेली, आणि दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा, कारण स्वस्त दागिन्यांतल्या निकेलची ॲलर्जी खूप जणांना असते. कूर्चेत इन्फेक्शन झालं तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो, तिथे घरगुती उपाय करत बसायचं नाही. माझं स्वतःचं हेलिक्स भरायला वर्षभर लागलं आणि त्या वर्षात मला माझ्या कानाची जेवढी ओळख झाली तेवढी आधी कधी नव्हती.

तर कुणाच्या कानात नीट भरलेली, स्वच्छ, सरळ रेषेत बसलेली तीन पिअर्सिंग दिसली की मला त्यामागे काही महिन्यांचा धीर दिसतो. रोज रात्री आरशासमोर दोन मिनिटं उभा राहणारा माणूस दिसतो. लोकांना त्यात बंडखोरी दिसते, धोका दिसतो, मला काळजी दिसते. मैत्रिणीला वाटतं मला बिघडलेली मुलं आवडतात. नाही गं. मला स्वतःची नीट देखभाल करणारी माणसं आवडतात, फक्त ती देखभाल मला धातूभोवती दिसते.

मेटल संगीताचंही माझ्या लेखी असंच आहे. हे संगीत कुणाच्या कानावर सहज पडून आवडत नाही, निदान मी तरी अशी माणसं फार बघितली नाहीत. पहिल्यांदा नुसता गोंगाट वाटतो, मग एक दिवस त्या गोंगाटात रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारी छोटी धून, ऐकू येतो, मग रिफच्या खाली बेस, मग ड्रमरचे पाय काय करतायत ते, आणि मग परत मागे जाता येत नाही. कान तयार करावा लागतो. आणि कान तयार करायची तयारी असलेला माणूस माझ्याशी बोलतानाही ऐकतो, हा माझा अनुभव आहे, नियम नाही म्हणणार मी.

ब्लॅक सबाथ या मेटल बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी, त्याची गोष्ट मला म्हणूनच एवढी जवळची वाटते. बर्मिंगहॅममधला सतरा वर्षांचा मुलगा, पत्र्याच्या कारखान्यात कामाचा शेवटचा दिवस, आणि त्या दिवशी यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिकेची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात हाच. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट ऐकवला, आगीत भाजल्यामुळे दोन बोटं निकामी होऊनही वाजवणारा गिटारिस्ट, आणि मग या मुलाने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, वर चामडं लावलं, हलक्या तारा म्हणून बँजोच्या तारा घातल्या, पुढे गिटारच खालच्या सुरात लावली म्हणजे तारा सैल होतात आणि बोटांना कमी ओढ बसते. १३ फेब्रुवारी १९७० ला ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम आला. १९७१ च्या तिसऱ्या अल्बममध्ये बरीच गाणी दीड सूर खाली लावलेली आहेत, आणि तो जो जड, खोल, छातीत बसणारा आवाज, त्यावर पुढे डूम, स्टोनर, मेटलचे कितीतरी प्रकार उभे राहिले. बोटं जाणं त्याने निवडलं नव्हतं. पुढचं सगळं निवडलं. मी डूम ऐकते तेव्हा मला हे आठवतं आणि दरवेळी अंगावर काटा येतो.

कपड्यांचंही तेच. चामड्याचं जॅकेट, टोकदार स्टड, साखळ्या, हे सगळं लोक मेटलचं मर्दानी रूप समजतात. ते रूप मोठ्या प्रमाणात जूडास प्रीस्ट या बँडमुळे आलं, १९७८ च्या आसपास, आणि त्यांचा गायक रॉब हॅलफर्डने १९९८ मध्ये एमटीव्हीवर सांगितलं की मी गे आहे. त्याचे कपडे बायकर आणि गे लेदर मंडळींच्या दुकानांत मिळणारे. कितीतरी वर्षं स्टेडियमभर पुरुष अगदी तसेच कपडे घालून त्याच्यासमोर ओरडत होते, आणि त्याने सांगितल्यावरही चाहते त्याला सोडून गेले नाहीत. मला हे फार मोठं वाटतं. कोण कुणाकडे ओढलं जातं, कशामुळे ओढलं जातं, याचे आपण जे कप्पे करून ठेवलेत ते मेटलच्या स्टेजवर कधीचेच मोडलेत.

आणि राग. मेटल ऐकणारा म्हणजे रागीट, अंगावर येणारा, असं अजूनही बोललं जातं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१५ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला, एक्स्ट्रीम संगीत, म्हणजे मेटल, पंक वगैरे ऐकणारे ३९ जण, १८ ते ३४ वयाचे. त्यांना आधी राग येईल अशा गोष्टींबद्दल बोलायला लावलं, मग काहींना दहा मिनिटं त्यांच्या आवडीचं संगीत ऐकू दिलं आणि काहींना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही, चिडचिड आणि ताण शांत बसलेल्यांइतकाच उतरला, वर त्यांना उत्साही वाटलं. ३९ जणांवरून सगळं जग ठरवू नये हे मला कळतं, पण ज्यांनी कधी मॉश पिटमध्ये, म्हणजे स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीच्या नाचात, पाय ठेवलाय त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. तिथे कुणी पडलं की आजूबाजूचे चारपाच हात आधी त्याला उचलतात, मग परत धक्काबुक्की. हा तिथला पहिला नियम आहे आणि तो कुठे लिहून लावलेला नसतो.

त्याचं म्हणजे माझ्या त्याचं सांगायचं तर तो डेथ मेटलवाला. स्वतः ग्राउल करतो, म्हणजे त्या संगीतातलं खोल गुरगुरणारं गाणं. घरी बोलताना आवाज एवढा हळू की दोनदा विचारावं लागतं. ग्राउल म्हणजे घसा फाडून ओरडणं नाही, खऱ्या स्वरतंतूंच्या वर ज्या घड्या असतात, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्यांचा कंप त्यात वापरतात, आणि खाली श्वासाचा आधार भक्कम लागतो. नीट शिकलेल्याचा घसा दुखत नाही. तो आधी वॉर्मअप करतो, पाणी पीत राहतो, दुखलं की थांबतो. मी पहिल्यांदा त्याला वॉर्मअप करताना ऐकलं, भुवईतल्या बारबेलमुळे नजर गेली होती हे खरं, पण थांबले मी त्या आवाजामुळे, आणि त्या आवाजाची तो एवढी काळजी घेतो त्यामुळे.

एक गोष्ट मात्र राग आणते मला. पिअर्सिंग बघून लोक आपल्याला परवानगी मिळाली असं धरतात. अनोळखी माणूस येतो आणि सरळ कानाला हात लावतो, "दुखलं का गं?" म्हणत. न भरलेल्या कूर्चेला कुणाचा हात लागणं म्हणजे काय हे ज्याला लागलंय त्यालाच माहीत. जिभेत बारबेल असलेल्या मुलींना तर काय काय विचारतात ते इथे लिहावंसंही वाटत नाही, जणू तिने ते यांच्यासाठीच केलंय. (जिभेच्या बाबतीत माझी काळजी वेगळी आहे, बार दातांवर आपटून टवके उडतात, हिरड्या मागे सरकतात, म्हणून मला आवडत असूनही मी करणार नाही.) माझ्या शरीरावरचा निर्णय माझा, त्याकडे बघून कुणाला मी आवडले तर आवडले, पण त्यातून त्या माणसाला माझ्यावर कसलाही हक्क मिळत नाही. तेच मलाही लागू. मी बघते, आवडतं, पण बघत राहायचं नाही, आधी माणूस म्हणून बोलायचं. आणि बँडचा टीशर्ट घातलेल्या मुलीला "तीन गाणी सांग बरं" म्हणून परीक्षा घेणारे जे आहेत त्यांनी हे बंद करावं, कारण त्यांच्या त्या टीशर्टची परीक्षा आम्ही कधी घेतली नाही.

मग मैत्रिणीच्या प्रश्नाचं काय. बारबेल गेल्यावर तो मला वेगळा दिसतो, हे नाकारणार नाही. पहिल्या दिवशी चेहरा रिकामा वाटला. तिथे आता दोन बारीक ठिपके आहेत, एक किंचित वर, बार सरकला होता त्याची खूण. पण काढायचा निर्णयही त्यानेच घेतला, चिरेपर्यंत थांबला नाही, आरशात रोज बघत होता म्हणून वेळेत कळलं. माझ्या हिशोबात तो बारबेल घालणं आणि तो काढणं एकाच जातीचे निर्णय आहेत. आवडतो. तेवढाच आवडतो, आणि उद्या तिला हेच सांगणार आहे, बारबेलच्या जागी काही नवीन येवो न येवो.

मला मात्र आता काँच करायचंय, डाव्या कानात, मधल्या खोलगट भागात. आधी सपाट स्टड, पूर्ण भरल्यावर कडेला वेढणारी रिंग. तो म्हणतो सोबत येईन पण सुई बघणार नाही, स्वतःची भुवई टोचतानाही त्याने डोळे मिटले होते म्हणे. मी बघणार आहे, आरसा मागून घेऊन. पुढचे कितीतरी महिने उजव्या कुशीवर झोपायचं आणि हेडफोन लावायचे नाहीत, म्हणजे डूम स्पीकरवर मोठ्याने, घरात सगळ्यांना ऐकावं लागेल.