‘नीट झालं का?’ हा रकाना: माझा अनुभव

ओसीडीसाठीच्या (मंत्रचळ: नको ते विचार येत राहणं आणि त्यापायी पुन्हापुन्हा धुणं-तपासणं) आठ आठवड्यांच्या माइंडफुलनेस, म्हणजे मनात येईल ते न झटकता नुसतं बघायच्या कोर्समध्ये अवघड काय, असं कोणी विचारलं तर मी श्वास म्हणणार नाही, डोळे मिटून बसणंही नाही. सरावाचा तक्ता म्हणेन. कोल्हापुरातल्या त्या केंद्राचं नाव घेत नाही, पण तो कागद ज्यानं आखला त्यानं मंत्रचळाचा माणूस जवळून बघितला नसणार.

आधीचं थोडक्यात. आजार किती तीव्र आहे ते बघायला येल-ब्राउन मापनी भरून घेतात: 10 प्रश्न, प्रत्येकी 0 ते 4, एकूण 40. सोळापासून मध्यम, चोविसापासून तीव्र. मुख्य उपचार गोळ्या आणि ईआरपी, म्हणजे भीती वाटते ते मुद्दाम करायचं आणि मागून येणारं धुणं-तपासणं रोखायचं. माइंडफुलनेस ही त्याला जोड आहे, बदली नाही. आठवड्याला दोन तासांचा वर्ग, बाकी रोज घरी. पहिल्या वर्गात मनुका चघळायला देण्याची रीत आहे. आम्हाला गुळाचा खडा मिळाला. बोटं चिकट झाली, आणि हात धुवायला उठायचं नाही म्हणून सांगितलं. गुळाची चव बाजूलाच राहिली, सगळं लक्ष बोटांवर. तेच बघायचं होतं.

आता तक्ता. सात ओळी, सहा रकाने: दिनांक, सराव, मिनिटं, मन किती वेळा भरकटलं, बेचैनी 0 ते 100, आणि शेवटी ‘नीट झालं का? हो/नाही’. हा कोर्स मुळात नैराश्य पुन्हा उलटू नये म्हणून तयार झालेला. त्या पेशंटला असला तक्ता दिला तर तो फार तर भरायचा विसरेल. ओसीडीवाल्याला ‘किती वेळा’ विचारलं की तो मोजायला लागतो, आणि सराव चालू असताना मोजणं म्हणजे नवीन कम्पल्शन, केल्याशिवाय चैन पडत नाही अशी कृती. ‘नीट झालं का’ बद्दल तर बोलायलाच नको. नीट वाटेपर्यंत पुन्हापुन्हा करणं हाच तर आजार! 20 मिनिटांचा सराव, त्यावर पाऊण तास खाडाखोड. 60 लिहिलं, की 65 होतं? पुसलं. पान खराब दिसतंय, नवीन पान. आणि जितकं तपासावं तितका आठवणीवरचा भरवसा कमी होत जातो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. तक्ता चौथ्यांदा वाचल्यावर सराव केला होता की नाही इथूनच शंका.

वर काउंटरवर नियम: रकाना रिकामा असेल तर पुढची तारीख नाही. दोनदा परत पाठवलं. ‘पूर्ण भरून आणा.’ अहो, पूर्ण भरण्याचाच तर आजार आहे.

सुटका झाली ती असं सगळं थेरपिस्टला सांगितल्यावर. पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं, तुम्ही सांगा. मोजणीचा आणि ‘नीट’चा रकाना त्यांनी स्वतः काट मारून सही केली, म्हणजे काउंटरचा प्रश्न मिटला. उरलेला तक्ता पेननं, एकदाच, मोबाईलवर दोन मिनिटांचा टायमर लावून. बेचैनी दहाच्या पटीतच: 60 नाहीतर 70. आठवड्यातून एक चौकट मुद्दाम रिकामी सोडायची, एक शब्द मुद्दाम चुकवायचा, आणि कागद पिशवीत टाकल्यावर परत काढायचा नाही. काढावासा वाटतो, छाती भरून येते. तेव्हा ती ओढ शरीरात कुठं आहे, वाढतेय की उतरतेय, एवढंच बघायचं. तक्ताच ईआरपी झाला म्हणा. पण हे काम पेशंटनं ओढून आणायचं नव्हतं, कागद आखणाऱ्याचं होतं.

राहिलेलं एक: श्वासाचं औषध करू नका. वाईट विचार आला की तो घालवायला श्वासावर लक्ष नेलं, तर तोही जपासारखा उतारा होतो. विचार राहू दे. ‘गॅस चालू राहिलाय असा विचार आलाय’ एवढी नोंद, आणि हातातलं काम पुढं. उठून बघायचं नाही, आईलाही विचारायचं नाही. आईला आधीच सांगून ठेवा की ‘बंद आहे गं’ असं उत्तर देऊ नको. पहिले चार दिवस ती चिडेल.

चालत सराव करायचा तर रंकाळ्यावर सकाळी. संध्याकाळी भेळेच्या गाड्या आणि गर्दी असते, तरी चालतं. शांत जागा लागतेच असं नाही. फक्त फरशा मोजू नका.

गोळ्यांचा गुण कळायला ओसीडीत 8 ते 12 आठवडे लागतात, म्हणून कोर्स बरा चालला की गोळी आपली आपण सोडू नये. वर्गाची तारीख लांबली आणि अगदीच सुचेना झालं तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, मराठीत बोलतात. तिथं तक्ता नाही.