रिन्यूअल सोपं, लॉगिन अवघड

आधी हे सांगून टाकतो: सर्टिफिकेशन कंपनीच्या मेलवर काढू नका. फी कंपनी भरत असली तरी.

पुण्यात असताना मी मायक्रोसॉफ्टची डीपी-३०० दिली, म्हणजे अझ्युर या त्यांच्या क्लाउडवरच्या डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेटरची परीक्षा. कंपनीची अट होती, खातं ऑफिसच्या आयडीवरच उघडायचं. पुढे कोल्हापूरला परत आलो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचा डेटाबेस सांभाळायला लागलो. तिथे अजून एसक्यूएल सर्व्हर २०१६ हे मायक्रोसॉफ्टचं जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर आहे, त्याचा सपोर्ट १४ जुलै २०२६ पर्यंतच. मालकांना क्लाउडवर जायचंय आणि माझं सर्टिफिकेट चालू हवंय.

पूर्वीचं एमसीएसए हे मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट सॉफ्टवेअरच्या व्हर्जनला बांधलेलं असायचं, एकदा काढलं की दरवर्षी कोणी विचारत नसे. ते ३१ जानेवारी २०२१ ला बंद झालं. आताचं वर्षभरच चालतं. संपायच्या सहा महिने आधी रिन्यूअल उघडतं आणि तशी मेल येते. माझी जात होती बंद पडलेल्या आयडीवर!

जुन्या कंपनीच्या एचआरला फोन केला. "सर, आयटीकडे तिकीट टाका." तिकिटाला पोर्टल, पोर्टलला लॉगिन, लॉगिनला तोच बंद आयडी. आयटीतल्या ओळखीच्या पोराला गाठलं. तो म्हणाला, "दादा, दोन मिनिटांचं काम आहे, पण एचआरचं अप्रूव्हल पाहिजे." एचआर म्हणे, सोडून गेलेल्या माणसासाठी अप्रूव्हलचा फॉर्मच नाही. म्हटलं, मॅडम, मेल उघडू नका, हा आयडी माझा होता एवढंच लेटरहेडवर लिहून द्या. "लीगलला विचारावं लागेल." मग दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गेटबाहेर उभं राहून माझा फोन, आणि तिकडून "लीगलकडे आहे". इकडे तारीख जवळ येतेय, आणि ती उलटली की रिन्यूअल नाही, पैसे भरून अख्खी परीक्षा पुन्हा. डोकं फिरायची वेळ आली.

शेवटी कंपनीचा नाद सोडला. मायक्रोसॉफ्टच्या सर्टिफिकेशन मदतकक्षाला थेट लिहिलं, सोबत जुना आयडी आणि सर्टिफिकेटची पीडीएफ. रेकॉर्ड माझ्या वैयक्तिक खात्यावर आलं. हे आधीच केलं असतं, पण एचआरने सांगायला हवं होतं ना, की आमच्याकडून काही होणार नाही म्हणून!

रिन्यूअलच्या परीक्षेचं काय सांगू, घरी बसून दिली. फुकट, कॅमेरा नाही, आणि प्रश्न बहुतेक नव्याने बदललेल्या गोष्टींवर.

हो, नोकरी सोडायच्या आधीच मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या शिकायच्या साइटवरच्या प्रोफाइलला वैयक्तिक खातंही जोडून ठेवता येतं. पीडीएफ स्वतःकडे ठेवा. रिन्यूअलला पहिल्यांदा नापास झालात तर लगेच परत देता येते, त्यानंतर मात्र प्रत्येक वेळी २४ तास थांबावं लागतं, म्हणून शेवटच्या दिवसावर ढकलू नका. लवकर दिली तरी तोटा नाही, पुढचं वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजतात.