एका कागदासाठी सात आठवडे

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे बनवणाऱ्या मोल्डिंग विभागाची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा तिन्ही पाळ्यांत मिळून ३४ माणसे होती. माणसे कसबी होती. घोटाळा होत होता तो पाळी बदलण्याच्या १० मिनिटांत. रात्रपाळीच्या माणसाला गावी पोहोचून म्हशीची धार काढायची असते, डेअरीची वेळ गाठायची असते, म्हणून सकाळी ७ वाजता तो हात धुऊन थेट गाडीकडे जातो. आणि रात्री वाळूत पाणी जास्त झाले होते, हे येणाऱ्याला ओतकाम झाल्यावर कळते. ओलावा जास्त असला की वितळलेल्या लोखंडाने त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, पोकळ्या राहतात. पावसाळ्याच्या तोंडावर एका पाळीचे बरेचसे काम असेच भंगारात गेले.

उपाय म्हणून मी मराठीत एक पानी तक्ता केला: साच्यावर कोणता पॅटर्न (साचा ज्यावरून घेतात तो नमुना) आहे, काय बदलले, काय बिघडले, काय राहिले. जाणाऱ्याने तो वाचून दाखवायचा आणि येणाऱ्याने ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगायचे. तक्ता करायला एक संध्याकाळ लागली. तो वापरण्याची परवानगी मिळायला सात आठवडे लागले.

आमच्याकडे कोणताही छापील कागद कागदपत्र-नियंत्रण विभागाच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाही, आणि हा नियम योग्यच आहे. पण पहिल्यांदा तक्ता परत आला तो त्यावर दस्तऐवज क्रमांक नाही म्हणून. हा क्रमांक त्याच विभागाने द्यायचा असतो. दुसऱ्यांदा बोधचिन्ह डावीकडे हवे होते. त्यानंतर तीन आठवडे तो एका ट्रेमध्ये पडून होता, कारण संबंधित सही करणारे रजेवर होते आणि त्यांच्या जागी सही कोणी करायची हे कोणी ठरवलेले नव्हते. तिसऱ्यांदा शेरा आला, ‘फॉरमॅट इंग्रजीत हवा, ऑडिटला अडचण येईल.’ एव्हाना माझा संयम संपला होता, आणि मी तेथे आवाज चढवला, हेही नोंदवले पाहिजे. त्यामुळे काम एक दिवसही लवकर झाले नाही.

शेवटी मी ज्याचे ऑडिट होते ते आयएसओ ९००१:२०१५ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचे मानक स्वतः वाचले. कलम ७.५.२ मध्ये माहितीचे स्वरूप योग्य असावे असे म्हणताना भाषेचा उल्लेख उदाहरणादाखल येतो. इंग्रजीची सक्ती कोठेही नाही. कलम ७.४ तर काय, केव्हा, कोणाला, कसे आणि कोणी सांगायचे हे संस्थेने ठरवावे असेच सांगते, म्हणजे माझा तक्ता त्याचेच पालन करत होता. दोन्ही कलमांखाली रेघ मारून प्रत दिली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सही झाली. असे काम अडले तर भांडण्याआधी मूळ नियम मागून घ्यावा, ही गोष्ट मी सातव्या आठवड्यात नव्हे, पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

तक्ता सुरू झाला तरी पहिले काही दिवस ‘काय बिघडले’ हा रकाना कोराच येत होता. आमच्याकडील सर्वांत जुने मोल्डर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते म्हणाले, “साहेब, लिवलं की तुमी बोलताय, मग लिवणार कोण?” ते खरे होते. जूनमध्ये चूक स्वतःहून सांगणाऱ्या एका पोराला मी सगळ्यांसमोर झापले होते. त्याची माफी मीही सगळ्यांसमोरच मागितली, आणि त्या आठवड्यात त्या रकान्यात तीन नोंदी आल्या.

एक राहिले: हे सारे पाळी संपल्यावर करायला सांगू नये. आम्ही शेवटची १० मिनिटे पाळीतच धरली आहेत, त्यामुळे धारेची वेळ चुकत नाही, आणि मामाही आता तक्ता वाचल्याशिवाय गाडीला किक मारत नाहीत.