पीथमपूरचा पुर्जा, निमाडाची पऱ्हाटी

परदेशी गिऱ्हाईक हल्ली पीथमपूरच्या कारखानदाराला विचारतं, तुमच्या मालामागे कार्बन किती आणि तो फेडणार कसा? इंदूरच्या आसपास याचं हाताशी असलेलं उत्तर म्हणजे बायोचार: पऱ्हाटीसारख्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) काटक्यांचा कोळसा करून तो मातीत घालणं, म्हणजे झाडाने हवेतून घेतलेला कार्बन मातीत अडकून राहतो. पण आधी हिशेब.

समजा, महिन्याला 10 टन लोखंडी पुर्जे निघतात. त्याला 12 टन पोलाद, 10,000 युनिट वीज आणि जनरेटरचं 300 लिटर डिझेल लागलं. पोलादाच्या टनामागे अडीच टन कार्बन डायऑक्साइड धरला तर 30 टन. विजेच्या युनिटमागे सुमारे 0.7 किलो, म्हणजे 7 टन. डिझेलच्या लिटरमागे 2.68 किलो, म्हणजे 0.8 टन. एकूण 37.8 टन, किलोभर पुर्ज्यामागे 3.8 किलो. यातला जवळजवळ चार पंचमांश भाग फाटकातून आत येतानाच पोलादाबरोबर आलेला असतो. नुसतं वीजबिल आणि डिझेल मोजून माल 'कार्बनमुक्त' म्हणणं ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे.

आता फेड. कोरड्या कोळशात 70 टक्के कार्बन असेल, तर टनामागे 0.7 गुणिले 3.67 (एक टन कार्बन म्हणजे 3.67 टन कार्बन डायऑक्साइड), म्हणजे 2.57 टन कार्बन डायऑक्साइड. कालांतराने कुजणारा भाग, भट्टीतला मिथेन आणि ट्रॅक्टरचं डिझेल वजा करून पदरात 1.8 टन धरावे. 37.8 टनांसाठी 21 टन कोळसा हवा. पाच टन पऱ्हाटीला एक टन उतारा धरला तर 105 टन कोरडी पऱ्हाटी, तीही दर महिन्याला. म्हणून कटिंगमध्ये जाणाऱ्या दोन टन पोलादातला एक टन वाचवणं भट्टीपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

भट्टी निमाडात, खरगोन-बडवाणीकडे शेताजवळच लावा. कोळसा इंदूरला आणायची गरजच नाही, त्याची जागा तिथल्याच मातीत आहे. शंकूच्या आकाराची कॉन-टिकी भट्टी पुरते. काडी वाकवून बघा: फटकन मोडली तर घ्या, नुसती वाकली तर अजून ओली आहे. ओलावा 20 टक्क्यांच्या वर गेला की धूर होतो, आणि धुराबरोबर मिथेनही निसटतो. तळाशी बारीक काड्या रचून वरून पेटवा. निखाऱ्यावर राखेची पांढरी साय दिसली की पुढचा पातळ थर टाका. घाई करून जाड थर टाकला तर ज्वाळा दबते आणि धूर सुटतो. उशीर केला तर कोळशाची राख होते. या राखेबरोबर सगळा हिशेबच उडून जातो.

शेवटी पाणी सढळ हाताने ओता, शक्यतो खालच्या नळीतून. मधे एक निखारा जरी उरला तरी रात्रीतून ढीग पुन्हा पेटतो, पोत्यात भरला असेल तर पोत्यासकट. दुसऱ्या दिवशी कोळसा बोटांवर चोळून साध्या पाण्याने धुवा. डाग निघाला तर ठीक. साबण लागला तर डांबर उरलंय, भट्टी पुरेशी तापली नव्हती.

सर्वांत मोठी चूक धर्मकाट्यावर होते. विझवलेल्या कोळशात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ढिगाच्या दहा-पंधरा जागांहून नमुना घ्या, 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा आणि कोरडं वजनच लिहा. प्रयोगशाळेतून सेंद्रिय कार्बन आणि हायड्रोजन-कार्बनचं प्रमाण मागवा. युरोपीय बायोचार प्रमाणपत्रात या हायड्रोजन-कार्बन प्रमाणाची कमाल मर्यादा 0.7 आहे. प्रमाण जितकं कमी, तितका कोळसा टिकाऊ. मग शेणखतात मुरवूनच शेतात घाला, कोरा घातला तर सुरुवातीला पिकाचं नत्र अडकतं. हाच कोळसा कुणी इंधन म्हणून विकला, तर फेड शून्य.

माळवा बेसाल्टवरच बसलाय, आणि हा दगड झिजताना हवेतला कार्बन डायऑक्साइड धरतो, मग क्रशरची भुकटी शेतात का टाकू नये? हे तंत्र खरं आहे, 2025 मध्ये हवेतला कार्बन काढण्याच्या एक्सप्राइझ या जागतिक स्पर्धेचं मोठं बक्षीस याच कामाला मिळालं. पण आपली काळी माती बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी, तिथे दगड सावकाश झिजतो आणि मोजणंही अवघड जातं. आज सुरुवात करणाऱ्याने पऱ्हाटीच धरावी.

युरोपला पोलादी माल जात असेल तर आणखी एक. जानेवारी 2026 पासून लागू झालेल्या युरोपच्या कार्बन सीमाशुल्कात (सीबॅम) अशी फेड वजा होत नाही. म्हणून कागदावर दोन आकडे वेगळे ठेवा: एका ओळीत पुर्ज्याचे 3.8 किलो, दुसऱ्या ओळीत मातीत गेलेला कोळसा, सोबत भट्टीची तारीख, कोरडं वजन आणि शेताचं ठिकाण.