असील पाळायचे तर आधी आडोसे बांधा

असील जातीच्या कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्याला मी आधी एकच विचारतो: नरांना वेगवेगळं ठेवायला जागा आहे का? गावठी खुराड्यात दोन-तीन नर थोडी मारामारी करून आपापला मान ठरवतात आणि पुढे नांदतात. असीलमध्ये हरणारा मागे हटत नाही आणि जिंकणारा थांबत नाही. पिढ्यान्‌पिढ्या झुंजीसाठी निवडून घडवलेली ही जात आहे. झुंजी लावणं मला अजिबात मान्य नाही. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हाही आहे. मला भावते ती या पक्ष्याची ताठ मान, अंगाला चिकटलेली आखूड, कडक पिसं आणि माणसाशी असलेला कमालीचा शांतपणा. बाहीवर बसवून फिरवा, चोच मारणार नाही.

सुरुवात खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली अंडी ठेवून केली. असील मादी अंडी कमीच घालते, पण आई म्हणून तिला तोड नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली आणि मांजर अंगणात फिरकेनासं झालं! पहिल्या आठवड्यात मानमोडी (राणीखेत) रोगावरची लासोटा लस दिली. लस बर्फावर आणायची, मिसळली की दोन तासांत संपवायची. एका डोळ्यात एक थेंब. पिल्लू डोळा मिटून उघडेपर्यंत हातातून सोडायचं नाही, नाहीतर थेंब गालावरून ओघळतो. पुढे बूस्टर आणि देवीची लस पशुवैद्यकांनी दिली.

खरी कसोटी नर आरवायला लागतात तिथे. एकाच आईचे दोन भाऊ समोरासमोर येऊन डोकं खाली घालतात, मानेची पिसं छत्रीसारखी उघडतात आणि एकटक बघत राहतात. ते दिसलं की त्याच संध्याकाळी दोघांना वेगळं केलं. एकदा वेगळे केलेले भाऊ पुन्हा एकत्र ठेवता येत नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. म्हणूनच कप्पे आधीच बांधून तयार होते.

प्रत्येक नराला चार बाय चार फुटांचा, माणूस उभा राहील इतका उंच कप्पा केला. दोन कप्प्यांमधला पडदा खालून अडीच फूट फळ्यांचा, जराही फट नसलेला. वर जाळी, म्हणजे हवा खेळती राहते. नुसती जाळी लावली तर नर दिवसभर एकमेकांवर झेपावतात, चोची आणि नख्या रक्ताळतात, खाणंही सुटतं. शेजारी दिसला नाही की तोच पक्षी निवांत धुळीत अंघोळ करतो. आरवणं ऐकू येतं, त्याला इलाज नाही.

बसायची दांडी दोन इंच रुंद, वरून सपाट आणि जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवली. असील वजनदार, रोज उंचावरून उडी मारली की तळव्याला जखम होऊन पाय सुजतो. दांडी खोबणीत नुसती अडकवलेली आहे, कारण तांबड्या गोचड्या दिवसा तिच्या टोकांच्या सांदीत लपतात आणि रात्री रक्त पितात. अधूनमधून अंधार पडल्यावर बॅटरी घेऊन मी तिथेच बघतो. बाहेरच्या बाजूला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी, तिची कड फूटभर बाहेर वळवून मातीत पुरली; मुंगूस आणि घूस कडेलाच उकरतात. खाली भाताचं तूस. ते ओलं झालं की लगेच बदलायचं, कारण ओल्या तुसातच रक्ती हगवण फोफावते आणि पिल्लं पटापट दगावतात.

माद्यांचं गणित उलटं. त्याही भांडतात, पण नवी मादी आणली तर आधी तीन-चार आठवडे लांब, स्वतंत्र ठेवून आजार नाही ना हे बघायचं, मग आठवडाभर जाळीपलीकडे, सगळ्यांना दिसेल अशी. त्यांना ओळख झालेली बरी.

नर आळीपाळीने मोकळे सोडतो, एका वेळी एकच. अंडी उबवायला हवी असतील तेव्हा नराला दोन-तीन माद्यांसोबत ठेवतो आणि पहिला तासभर तिथून हलत नाही. काही दिवसांनी त्याला परत कप्प्यात नेतो. त्यानंतरही आठवडाभर अंडी फळलेली मिळतात आणि माद्यांच्या पाठीची पिसं शाबूत राहतात.