भरलेला वाळूचा डबा

पॅरिसच्या उपनगरी गाड्यांना नोव्हेंबर जड जातो, कारण झाडांची पानं. यांतली बी लाइन दक्षिणेला सँ-रेमी-ले-शेव्रझपर्यंत जाते, तिथे खोरंभर झाडी. ओली पानं चाकाखाली चिरडून रुळावर काळा, गुळगुळीत थर बसतो. नुसत्या पावसाने तो धुतला जात नाही. ब्रेक लावला की चाक अडतं, गाडी मात्र घसरत राहते आणि चाकाचा तेवढा भाग घासून सपाट होतो. इथे त्याला ‘मेप्ला’ म्हणतात, आपल्याकडे फ्लॅट टायर. ‘पानांनी कशी गाडी रद्द होते?’ असं हसणाऱ्यांनी एकदा पिट लेथवर, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यातल्या, चाकं न काढताच कापून गोल करणाऱ्या यंत्रावर यावं.

त्या रात्री दुसऱ्याच एका लाइनची गाडी आली होती. तिसऱ्या ॲक्सलवर (दोन चाकं जोडणाऱ्या दांड्यावर) ६० मिमी लांबीचा फ्लॅट. ९०० मिमी व्यासाच्या चाकावर त्याची खोली होते १ मिमी. फार नाही वाटत, पण ताशी ८० किमीला हे चाक सेकंदाला जवळपास ८ वेळा रुळावर आपटतं.

१ मिमी खोल म्हणून १ मिमी कापून भागत नाही. घसरताना पोलाद तापतं आणि लगेच थंड पडतं. तो थर काचेसारखा ठिसूळ होतो. ठेवला तर पुढे तिथूनच खपल्या निघतात. शिवाय ॲक्सलवरचं जोडीचं चाक त्याच मापाला आणायचं, बोगीतला, म्हणजे डब्याखालच्या त्याच चाकांच्या सांगाड्यातला, दुसरा ॲक्सलही जवळपास तिथेच. एका ब्रेकने चार चाकांचं आयुष्य खाल्लं. नियोजनवाल्यांचा प्रश्न एकच: सकाळी गाडी मिळेल ना?

सगळ्यांनी आधी मोटरमनला धरलं. रेकॉर्ड पाहिलं तर त्याचं ब्रेकिंग नेहमीसारखं, चाक अडू लागलं की ब्रेक सैल करणारं अँटी-स्लाइडही चालू. मग वाळूचे डबे उघडले; चाक घसरू नये म्हणून यांतून नळीने चाकापुढे रुळावर वाळू पडते. बाकीचे अर्ध्याखाली, तिसऱ्या ॲक्सलच्या डाव्या बाजूचा काठोकाठ. तपासणीच्या कागदावर ‘पूर्ण’ अशी टिक! पानगळीत भरलेला डबा म्हणजे वाळू पडतच नाहीये, एवढं टिक करणाऱ्याला कळू नये? झाकणाचं रबर फाटलेलं, आत ओल, वाळूचा गोळा झालेला. सळई घातली तरी हलेना.

कारण म्हणून मी ‘वाळू’ लिहिलं. पण उजवी नळी चालू होती आणि दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवलेली. मग एका बाजूच्या वाळूने ॲक्सल फिरता का राहिला नाही? त्या नळीचं तोंड रुळावर होतं की बाहेर सरकलेलं, हे मोजायच्या आत गाडी सकाळच्या फेरीला गेली.